आमेनपर्यंत उभं राहणं

प्रार्थनेच्या वेळी मी डोळे मिटत नाही. आमच्या चर्चमध्ये हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, आणि या म्हातारीला कोण सांगणार म्हणून सगळे गप्प बसतात. गेल्या महिन्यात मात्र नव्याने आलेले तरुण पाळक घरी आले आणि चहा पिता पिता फार अदबीने त्यांनी विषय काढला. "आई, डोळे मिटले की मन एकाग्र होतं," म्हणाले. मी म्हटलं, होत असेल बाबा. सगळं सांगायला बसले असते तर त्यांची संध्याकाळ गेली असती, आणि मला हल्ली बोलण्याचाही शीण येतो. लिहिताना निदान मध्येच थांबून पडता येतं. म्हणून लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही कर्जत तालुक्यातल्या एका गावात होतो. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आणि मीही मनातल्या मनात मास्तरच म्हणायचे, तोंडाने 'अहो'. गावाच्या एका अंगाला आमची ख्रिस्ती घरं, आणि त्या घरांच्या टोकाला दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं चर्च. मास्तर मंडळीतले एक वडील होते. वडील म्हणजे वयाने नव्हे. पाळकांच्या बरोबरीने मंडळीचा कारभार पाहणाऱ्या चार-पाच पुरुषांना आमच्यात वडील म्हणतात. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, पेल्यांचं तबक फिरवायचा मान मास्तरांचा. पगार, बदली, बढती यांबद्दल त्या माणसाने कधी चकार शब्द काढला नाही, पण त्या रविवारचा सदरा मात्र ते तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री करायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत.

माझं स्वतःचं म्हणाल तर त्या दिवसांतलं मला फक्त पाणी आठवतं. टँकर यायचा आणि गावच्या कोरड्या विहिरीत पाणी ओतून जायचा. मग आम्ही बायका दोर आणि बादल्या घेऊन विहिरीला भिडायचो. अर्धं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर. रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची तांबडी ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची आणि पोरं ती बघूनच तोंड वाकडं करायची. म्हशी लोकांनी विकून टाकल्या होत्या नाहीतर छावणीत नेऊन बांधल्या होत्या, त्यामुळे दूध डोळ्यांना दिसत नव्हतं. मी इतकी दमलेली असायचे की विहिरीवर नंबराची वाट बघता बघता उभ्या उभ्या माझा डोळा लागायचा. गुडघा मोडला की पडण्याच्या आत आपोआप जाग यायची. आपल्याला जागं कोण करतं, हा विचार तेव्हा मनात आला नव्हता.

मास्तरांच्या चालण्यात काहीतरी बिनसलंय हे मला उशिरा कळलं, कारण बघायला सवड कुणाला होती? आधी आवाज बदलला. टाचा आपटत चालायला लागले. मी म्हणायचे, "अहो, जमिनीनं काय घोडं मारलंय तुमचं?" ते नुसते हसायचे. मग चपलांचं सुरू झालं. एक चप्पल वाटेत कुठेतरी सुटून पडायची आणि हे तसेच दुसऱ्या चपलेवर घरी यायचे. तोंड धुताना एक हात भिंतीला लावून ठेवायचे. तो काढला आणि डोळ्यांवर पाणी मारलं की झोक जायचा. दिवेलागण झाली की बाहेर पडायचं टाळायचे. जेवताना आणखी वेगळी तऱ्हा. ज्या माणसाला मिरचीच्या ठेच्याशिवाय घास उतरत नसे, तो म्हणायला लागला की जीभ पोळते, दूध-भाकरी दे. गावात दूध नाही आणि हे दूध-भाकरी मागतात! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून मास्तर दुपारी घरी आले. मी चुलीपाशी होते. वळून बघते तर सारवलेल्या जमिनीवर दारापासून त्यांच्या पाटापर्यंत रक्ताचे ठिपके. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, चांगला करंगळीएवढा. मी पाय मांडीवर घेतला आणि सुईने कोरायला लागले. हे आपले धाकटीला पाढे म्हणून दाखवत होते. काटा खोल गेला होता, मला बरंच टोकरावं लागलं, पण बाराचा पाढा कुठे अडखळला नाही.

"दुखत नाही का?" मी विचारलं.

ते थांबले. धाकटीला बाहेर खेळायला पाठवलं आणि मला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"पायांना काही कळतच नाही गं," ते म्हणाले. "कापसावर उभा असल्यासारखं वाटतं. पाय कुठे पडतोय ते बघून बघून टाकावा लागतो."

"कधीपासून?"

"मागच्या पावसाळ्यापासून. म्हणजे पाऊस यायला हवा होता तेव्हापासून."

मी सुई हातात घेऊन तशीच बसले. आजच्या माणसाला कळायचं नाही, पण त्या काळी हाताला किंवा पायाला कळेनासं झालं असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात एकच शब्द यायचा. तो आम्ही दोघांनीही उच्चारला नाही. गावाच्या ओढ्यापलीकडे एक झोपडी होती, तिथे असाच एक माणूस राहायचा. त्याचा भाऊ भाकरी दगडावर ठेवून यायचा आणि लांबूनच हाक मारायचा. आमच्या पदरात तीन मुलं, त्यांत दोन मुली. महारोग्याच्या मुली कोण करणार, आणि त्याच्या शाळेत कोण पोरं धाडणार?

मी त्यांना सदरा काढायला लावला. पाठ, दंड, कानाच्या पाळ्या, सगळीकडे सुईचं टोक लावून बघितलं. कुठे चट्टा नाही, कुठे बधिर नाही. फक्त पाय. दोन्ही पाय, घोट्यापर्यंत, आणि वर नडगीकडे थोडं. मला धीर आला नाही. आम्ही काय डॉक्टर होतो?

त्यानंतरच्याच रविवारी प्रभुभोजन होतं. द्राक्षारस म्हणून आमच्याकडे काळ्या मनुका उकळून त्यांचं पाणी करायचे, आणि ते काम माझ्याकडे असे. पुरुष उजवीकडच्या सतरंजीवर, बायका डावीकडच्या, मधून वाट. मास्तर पेल्यांचं तबक घेऊन त्या वाटेत आले आणि पाळक म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." सगळे उभे राहिले, सगळ्यांनी डोळे मिटले. मास्तरांनीही मिटले, लहानपणापासूनची सवय. पाळकांचं वाक्य अर्धं झालं असेल नसेल, तोच तबक पडल्याचा आवाज झाला. मी बघते तर मास्तर गुडघ्यांवर, त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर मनुकांचं पाणी, आणि सगळीकडे पेल्यांच्या काचा. सगळे कुजबुजायला लागले.

शाळेतून आमच्या घराकडे यायची वाट ओढ्याच्या कडेने होती आणि ओढ्यात हातभट्टी लागायची. मास्तर त्या वाटेने येतात, संध्याकाळी झोकांड्या खातात, डोळे खाली घालून चालतात, कुणाच्या सलामाला मान वर करून उत्तर देत नाहीत. लोकांनी गणित मांडलं आणि ते फार सोपं होतं. आमच्या मंडळीत दारू म्हणजे मोठी गोष्ट. ज्यांचे आजे-पणजे ती सोडून चर्चमध्ये आले, त्यांना त्याचा अभिमान होता.

गावात किराणा दुकान असलेले एक वडील होते. वाईट माणूस नव्हता तो, पण सगळ्यांवर लक्ष ठेवायची त्याला भारी हौस. मी मीठ आणायला गेले तर पुडी बांधता बांधता खालच्या आवाजात म्हणाला, "वयनी, मास्तरांना आवरा. दिसच असलं हायती, मानसाचं मन बिघडतंय, आमाला काय कळत न्हाई व्हय? पर देवाच्या दारात तसं यायचं न्हाई. पाळकसायबांनी सभा ठरवलीय. मास्तरांनी तितं उबं ऱ्हाऊन सांगावं."

मी मिठाची पुडी घेऊन घरी आले आणि काय ऐकलं ते मास्तरांना सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "मला माहीत आहे. मी कबूल करणार आहे."

"काय कबूल करणार?"

"पितो म्हणून. वडील म्हणून काढून टाकतील, चार महिने मागे बसवतील. पश्चात्ताप केला म्हटलं की दारुड्याला मंडळी पोटात घेते गं. त्या दुसऱ्याला घेत नाही."

ज्या माणसाने आयुष्यात विडीसुद्धा ओढली नाही, तो माझ्यासमोर बसून हे बोलत होता. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. मी म्हटलं, "तुम्ही तिथे उभे राहून ते बोललात, तर मीही तिथेच उभी राहून सांगेन की हे खोटं बोलतायत. देवासमोर खोटं बोलणारा नवरा मला नको. आधी नगरला दवाखान्यात चला."

"आणि तिथे तेच सांगितलं तर?"

"तर निदान कळेल तरी. मला आता न कळण्याचा कंटाळा आलाय."

सभा महिनाभर पुढे होती. शेजारणीकडे मुलं ठेवली आणि आम्ही पहाटेची एसटी धरली. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. वाटेत सगळं उजाड. नुसत्या बाभळी आणि खडीचे ढीग. त्यांनी माझा हात धरला होता, आणि चारचौघांत हात धरणं आमच्या दोघांच्याही स्वभावात नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याच वयाच्या, घाईच्या आणि तुटक बोलायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मास्तरांना जीभ दाखवायला सांगितली. जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली होती. मग त्यांना जमिनीवर उभं केलं, पावलं एकमेकांना चिकटवून. डोळे उघडे होते तोवर मास्तर थोडे डुलत का होईना, उभे राहिले.

"आता डोळे मिटा," बाई म्हणाल्या.

मिटले, आणि चर्चमध्ये झालं तसंच झालं. आधी जरासे मागे, मग एका बाजूला, आणि मग गेलेच. बाई तयारीतच होत्या, त्यांनी दोन्ही दंड धरले. मी ओरडले, "हेच! बाई, हेच तिथे झालं!"

मग त्यांनी मास्तरांना डोळे मिटून झोपायला सांगितलं. त्यांच्या अंगठ्याला धरून तो कधी वर, कधी खाली वळवायच्या आणि विचारायच्या, वर की खाली? मास्तर अंदाजाने सांगत होते आणि चुकत होते. आपल्याच पायाचा अंगठा वर आहे की खाली, हे त्या माणसाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. एक लोखंडी चिमटा होता, तो वाजवला की थरथरायचा. तो बाईंनी त्यांच्या घोट्याला लावला. "काही नाही," मास्तर म्हणाले. तोच माझ्या घोट्याला लावला तर मला गुदगुल्या झाल्या. कपाळाला, कोपराजवळच्या नसांना, कानांना हात लावून बाईंनी नीट तपासलं आणि आम्ही न विचारताच म्हणाल्या, "तुमच्या मनात जे आहे ना, ते हे नाही."

 खरं सांगते, त्यानंतर बाई काय म्हणाल्या त्यातलं निम्मं मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

त्या म्हणाल्या, माणूस उभा राहतो म्हणजे तो नुसता खांबासारखा उभा नसतो, सारखा पडत असतो आणि सारखा सावरत असतो. कुठे कलतोय हे अंगाला तिघं मिळून सांगतात. डोळे सांगतात. कानाच्या आत खोल जागी गवंड्याच्या पाणसळीसारखं काहीतरी असतं, ते सांगतं. आणि तळपाय, घोटे, सांधे सांगतात. कळलं की पोटऱ्या आपोआप आवळतात, आपण विचारसुद्धा करत नाही. मला विहिरीवर उभ्या उभ्या लागणारी झोप आठवली. तर या तिघांतला एखादा गेला तरी दोघं मिळून सांभाळून नेतात. मास्तरांचे पाय गप्प झाले होते. एवढे महिने डोळ्यांनी एकट्याने ओढून नेलं होतं. म्हणून ते खाली बघत चालायचे, म्हणून अंधार नको होता, आणि डोळे मिटले की पाणसळ एकटी पडायची.

"दारूचा काही संबंध?" मास्तरांनी विचारलं. 

"पिता का?"

"नाही."

"मग कशाला विचारता?" बाई म्हणाल्या.

एक जीवनसत्त्व लागतं रक्ताला आणि नसांना. ते यांच्या पोटातून अंगाला लागतच नव्हतं, त्यात दुष्काळाने दूध, अंडी, मटण, सगळंच बंद. इंजेक्शनं द्यावी लागतील, लाल रंगाची, आणि जन्मभर. पण गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, उशीर झालाय. आठवडाभर त्यांनी दवाखान्यातच ठेवून घेतलं. मी व्हरांड्यात पडून असायचे. लाज वाटते सांगायला, पण त्या आठवड्यात मी पोटभर झोपले, कारण तिथे नळाला पाणी होतं.

आधी जीभ सुधारली. गावी परतल्यावर पुढच्याच आठवड्यात त्यांनी ठेचा मागितला आणि मी पाटावरवंट्याशी बसून रडले. पाय मात्र तसेच होते. आणि मास्तर म्हणत होते की सभेत पायांचं काही बोलायचं नाही. "पायाला कळत नाही एवढं ऐकलं की पुढचं कोण ऐकणार आहे? डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी सांगत बसेन आणि ते माझ्या बोटांकडे बघत बसतील."

"मग काय सांगणार?"

"पीत नाही म्हणून सांगेन. ठेवायचा तर ठेवतील विश्वास."

सभा पाळकांच्या घराच्या ओसरीवर होती. बायकांना वडिलांच्या सभेत जायची रीत नव्हती. मी गेले आणि खांबाला टेकून उभी राहिले. पाळकांनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत, याबद्दल मी त्या माणसाला अजून दुवा देते.

मास्तरांनी सांगितलं, मी पीत नाही.  मग दुकानदार वडील म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घिऊ नगा. पर आमी काय ऐकीव बोलत न्हाई. या डोळ्यांनी बगितलंय. त्या रविवारचं सोडा. त्याच्या आदीबी, दर प्रार्थनेला तुमी झुलत हुता. लई झुलत हुता."

माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रार्थनेत?"

"व्हय, प्रार्थनेत."

"प्रार्थनेत तर डोळे मिटायचे असतात. मग तुमी बगितलं कसं?"

 पाळकांनी खाली मान घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा कळलं की ते हसतायत. दुकानदारांचा चेहरा पडला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण मी आता थांबणार नव्हते. इतक्या दिवसांचा शीण, भीती, सगळं त्या एका वाक्याने मोकळं झालं होतं. मी म्हटलं, "एक पाय उचला आणि डोळे मिटून उभे ऱ्हावा. तुमी तर पीत न्हाई. बगू किती वेळ उभे ऱ्हाता."

"ह्यात काय हाय?" म्हणत त्यांनी धोतर सावरलं, एक पाय उचलला, डोळे मिटले आणि पाहता पाहता शेजारच्या वडिलांच्या गळ्यात पडले. मग बाकीच्यांनीही करून बघितलं. चांगली पोक्त माणसं, ओसरीवर एकेका पायावर, डोळे मिटून, बगळ्यांसारखी, आणि धडाधड एकमेकांवर आदळतायत. त्या दुष्काळात मी इतकी कधी हसले नव्हते.

हसणं ओसरलं तेव्हा मास्तर उठून उभे राहिले. भिंतीला हात न लावता. "माझ्या तळपायांना कळत नाही," ते म्हणाले. "म्हणून डोळे मिटले की मी पडतो. डॉक्टरांनी तपासलंय. हा महारोग नाही. नसांचा अशक्तपणा आहे, इंजेक्शनं चालू आहेत." तो शब्द त्यांनी स्वतःच उच्चारला. माझं हसू तिथल्या तिथे गेलं, कारण समोरच्या माणसांचे डोळे, मास्तर म्हणाले होते अगदी तसेच, त्यांच्या बोटांकडे वळले होते.

कुणी वाईट बोललं नाही. दुकानदारांनी तर हात जोडून माफी मागितली. मास्तर वडील राहतील असं ठरलं, पेले मात्र बरं वाटेपर्यंत दुसऱ्या कुणी फिरवावेत. "काचेची भांडी हायती, मास्तर, तुमालाच इजा व्हायची," असं कुणीतरी म्हणालं. 

पुढच्या रविवारी मास्तर नेहमीच्या जागी, उजवीकडच्या सतरंजीवर पुढे जाऊन बसले. मी डावीकडे बायकांत. एकेक पुरुष येत गेला. कुणी भिंतीकडे बसला, कुणी मागे, कुणी दाराशी उभाच राहिला. दुकानदार आत आले, मास्तरांना सलाम केला, क्षणभर घुटमळले आणि मागे जाऊन दाटीवाटीत बसले. मास्तरांच्या दोन्ही बाजूंना आणि मागे सतरंजी मोकळी राहिली. उपासना सुरू झाली, गीत झालं, तरी ती जागा भरली नाही. दारुडा असते तर त्यांच्या शेजारी कुणीतरी बसलं असतं. हे मला तेव्हा कळलं.

पाळक म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

आदल्या दिवशी मी मास्तरांना बजावलं होतं की डोळे उघडे ठेवा, देवाला काही राग येत नाही. ते म्हणाले होते, "इतकी वर्षं मिटले, आता उघडे ठेवून त्याच्याशी काय बोलू? मला जमायचं नाही." सगळ्यांबरोबर ते उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. मी मिटले नाहीत. ते आधी जरासे मागे गेले, सावरले. मग डावीकडे. त्यांचे हात धरायला काहीतरी शोधत होते आणि तिथे काही नव्हतं, कारण शेजारी माणूसच नव्हतं.

मी निघाले. बायकांच्या रांगेतून बाहेर पडले, मधली वाट ओलांडली आणि पुरुषांच्या सतरंजीवर पाय ठेवला. कुणी पाहिलं नाही, सगळे देवाशी बोलत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि माझा उजवा खांदा त्यांच्या दंडाला लावला. त्यांना कळलं. वळून न बघता, डोळे न उघडता त्यांनी अगदी हळू विचारलं, "तू डोळे मिटलेस का?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि त्यांनी आपलं वजन माझ्यावर टाकलं.

आमच्या पाळकांची प्रार्थना लांब असे. त्या दिवशी पावसासाठी होती, मग गुरांसाठी, मग आजाऱ्यांसाठी. माझ्या डोक्यावरून सकाळी हंडे आले होते, मान दुखत होती. तरी मी त्या वजनाखाली ताठ उभी राहिले. आमेन झालं, डोळे उघडले, आणि सगळ्या मंडळीने मला पुरुषांच्या बाजूला उभी असलेली पाहिलं. मी परत गेले नाही, तिथेच खाली बसले. मोकळी जागा भरपूर होती.

पुढे हळूहळू ती भरली. वर्ष उलटल्यावर एका रविवारी दुकानदारच पहिल्यांदा येऊन टेकले, मास्तरांच्या पलीकडच्या बाजूला. इंजेक्शनांनी पायांना थोडंफार कळायला लागलं, पण अंधारात आणि मिटल्या डोळ्यांनी ते कधीच नीट उभे राहिले नाहीत. पेल्यांचं तबक त्यांच्या हाती पुन्हा आलं नाही, आणि त्यांनी कधी मागितलंही नाही. प्रभुभोजनाच्या सकाळी सदरा मात्र स्वतः इस्त्री करत राहिले. आणि प्रत्येक प्रार्थनेला, आमेनपर्यंत, मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्या शेजारी उभी राहिले. इतकी वर्षं, की माझं शरीरच ते शिकून गेलं. "प्रार्थना करू या" एवढं कानावर पडलं की माझा उजवा खांदा आपोआप घट्ट व्हायचा, मी विचारसुद्धा करायचे नाही.

मास्तर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माती देताना पाळकांनी प्रार्थना सुरू केली, माणसांनी माना खाली घातल्या. मी डोळे उघडे ठेवून उभी होते. खांदा तयार झाला, वजनाची वाट बघत राहिला. ते आलं नाही, आणि मी माझ्याच जोराने उजवीकडे झुकले. मुलीने धरलं म्हणून पडले नाही. अजूनही दर रविवारी तसंच होतं. डोळे मिटले तर त्या बाजूला मी जाईन, आणि तिकडे आता कुणी नाही.